घेवड्याचं पाणी आणि कोरेगावहून आलेली प्रतिक्रिया

दादा, तुमचा राग पोचला. तुम्ही लिहिता, "घेवड्यातलं लेक्टिन रोगप्रतिकारक पेशींना कॅन्सरच्या पेशी मारायला मदत करतं, असं तुम्ही लिहिलं आणि आमच्या भावकीतले एकजण कच्चा घेवडा भिजवून त्याचं पाणी पिऊ लागले. तुम्हीच पूर्वी कच्चा घेवडा विषारी म्हणाला होता. एक काय ते ठरवा."

दोन्ही खरं आहे. ते पाणी मात्र आजच बंद करा. वाघ्या असो की राजमा, घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात. भिजवलेलं पाणी ओतून, नव्या पाण्यात खळखळून उकळलं की हे लेक्टिन मोडतं. मंद आचेवर अर्धकच्चं ठेवलं तर मोडत नाही. (वाघ्याला भौगोलिक मानांकन आहे, पण ते औषध म्हणून नव्हे!) थोडक्यात, कच्चं खाल्लं तर त्रास, शिजवलं तर लेक्टिनच उरत नाही.

मी लिहिलं होतं ते प्रयोगशाळेतलं. लेक्टिन म्हणजे साखरेच्या साखळ्यांना चिकटणारं प्रथिन. या घेवड्याच्या लेक्टिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी विभागू लागतात, हे पीटर नॉवेल यांनी १९६० मध्ये दाखवलं. पुढे दिसलं की ते एका बाजूने टी पेशीला (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीला) आणि दुसऱ्या बाजूने कॅन्सरच्या गाठीतल्या पेशीला धरून दोघींना एकमेकींवर दाबतं. एरवी टी पेशी आपल्या ओळखीची खूण दिसल्याशिवाय हल्ला करत नाही, आणि गाठी ती खूण लपवतात. लेक्टिन ओळखपाळख न विचारताच दोघींची भेट घालून देतं. मग टी पेशी परफोरिन नावाच्या प्रथिनाने समोरच्या पेशीला भोकं पाडते आणि तिला मारणारं ग्रॅन्झाइम आत सोडते. मारते ती टी पेशीच.

अडचणही इथेच आहे. अशा साखळ्या निरोगी पेशींवरही असतात, आणि या लेक्टिनचा एक प्रकार तर तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधल्या संशोधकांनी पांढऱ्या पेशींना चिकटणारा प्रकार निवडला. अनेक गाठींवर एका विशिष्ट फांदीची साखळी दाट असते, तिला तो धरतो. त्याला टी पेशी पकडणारा तुकडा जोडून त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. हे रेणू बनवून टोचायचे असतात, त्यात वाटीतल्या पाण्याचा संबंध नाही.

भावकीतल्यांचे उपचार चालू असतील, तर पाणी प्यायल्याचं त्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगा. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं तर केमोची तारीख पुढे ढकलावी लागू शकते.