वाद भुलीचा, दुर्लक्ष रात्रीकडे

म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की आपल्याकडे घरोघरी एकच वाद पेटतो: पूर्ण भूल द्यायची की कंबरेत इंजेक्शन? सांगलीच्या आत्याच्या वेळी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मध्यरात्र उलटेपर्यंत चालला. पूर्ण भुलीनं डोक्यावर परिणाम होतो, यावर काका ठाम. मी इंग्लंडमध्ये, लीड्सला बसून ते वाचत होते आणि जीव तुटत होता, कारण विचारायला हवं ते कुणीच विचारत नव्हतं.

अमेरिका-कॅनडात खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांवर झालेल्या 'रीगेन' चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पूर्ण भूल असो वा कंबरेतली, दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला नंतर डिलिरियम झाला, म्हणजे माणूस अचानक सैरभैर होणं, बरळणं. कंबरेतल्या भुलीसोबतही बहुधा गुंगीचं औषध देतातच. चीनमध्ये ती गुंगीही न देता पाहिलं, तरी फरक पडला नाही. गुंगी हलकी ठेवल्याचा फायदा बाल्टिमोरमध्ये २०१० साली मोठा दिसला होता. २०१८ च्या अभ्यासात तो इतर आजार कमी असलेल्यांपुरताच उरला. तेव्हा भूलतज्ज्ञांशी याबद्दल जरूर बोलावं, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये.

आत्याचं ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या रात्री तिनं सलाइन ओढून काढलं आणि कधीच गेलेल्या आतोबांना जेवायला हाका मारू लागली. तिला झोपेचं इंजेक्शन दिलं गेलं. सकाळी ती भिंतीकडे बघत गप्प पडून होती, आणि 'शांत झाली एकदाची' म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. मला भीती वाटते ती याच शांततेची. आरडाओरडा करणारा डिलिरियम निदान दिसतो. गप्प पडलेला निसटतो. झोपेच्या अशा बऱ्याच औषधांनी वृद्धांचा गोंधळ उलट वाढतो, म्हणून अमेरिकेतल्या जेरियाट्रिक्स सोसायटीच्या यादीत ती टाळण्याच्या औषधांत आहेत. डिलिरियम झालेल्यांची स्मरणशक्ती पुढे ढासळण्याचं प्रमाणही जास्त दिसतं. 'वयच झालं' म्हणून हे सोडून देणं मला पटत नाही.

इथे ब्रिटनमध्ये खुब्याच्या ऑपरेशननंतर डिलिरियम ओळखायला '४एटी' नावाची छोटी तपासणी करतात. वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू साल विचारायचं आणि महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला लावायचे. मशीन लागत नाही, पैसे पडत नाहीत. आमच्या ओळखीचे डोंबिवलीचे आजोबा इंग्रजी प्रश्नांना नुसते बघत राहिले. लेकीनं मराठीत विचारल्यावर न अडखळता जानेवारीपर्यंत पोचले. पण भेटीची वेळ संपली आणि त्याच लेकीला घरी जावं लागलं. आजारी माणसाजवळ घरच्यांना थांबू द्या, एवढ्यासाठी ब्रिटनमध्ये २०१४ साली 'जॉन्स कॅम्पेन' उभी करावी लागली. स्मृतिभ्रंश असलेले डॉ. जॉन जेरार्ड रुग्णालयात घरच्यांपासून तुटले आणि झपाट्यानं खचले, त्यातून ती सुरू झाली.

आपल्याकडे रात्री उशाशी कुणीतरी असतंच. ही केवढी मोठी गोष्ट आहे! अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या १९९९ च्या अभ्यासात वॉर्डातल्या वृद्धांना चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, चालवणं, बोलणं, रात्रीची झोप एवढं नीट सांभाळलं, तर डिलिरियम १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास आला. यातलं निम्मंअधिक काम आपली सून, मुलगा, भाची सहज करते. फक्त कशाकडे लक्ष ठेवायचं हे तिला कुणी सांगत नाही. तेवढं ऑपरेशनआधी डॉक्टरांनी सांगावं, सिस्टरनी रोज ते चार प्रश्न मराठीत विचारावेत, आणि रात्री गुंगीचं इंजेक्शन भरण्याआधी दुखतंय का, लघवी तुंबली आहे का, चष्मा पिशवीतच राहिलाय का, हे आधी पाहावं. आयसीयूतही सैरभैर झालेल्या आजीजवळ तिच्या माणसाला बसू द्यावं.