शून्य मशीनचा बॅकअप आणि वर हिरवी टिक

प्रोसेस्ड शून्य, फेल्ड शून्य, आणि शेजारी हिरव्या अक्षरांत ‘जॉब कम्प्लिटेड सक्सेसफुली’. हे बॅकअप सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं, ज्यांनी तपासून बाजारात सोडलं, त्यांतला एक तरी माणूस माझ्यासमोर आणून बसवा. शून्य मशीनचा बॅकअप यशस्वी कसा होतो, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.

झालं असं की एका डेटाबेस मशीनवर पॅच चढवताना वाट लागली आणि आदल्या रात्रीचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, लावायचं ठरलं. शोधतोय तर स्नॅपशॉटच नाही. आदल्या रात्रीचा नाही, त्याच्या आदल्या रात्रीचाही नाही. मशीन एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, मुंबई रीजनमध्ये व्यवस्थित उभं, त्यावर ओळखीची चिठ्ठी, म्हणजे टॅगही लावलेला. फक्त ती मशीन्स नव्याने उभी केली तेव्हा दुसऱ्या टीमच्या स्क्रिप्टने टॅगचं पहिलं अक्षर लहान टाकलं आणि कोणत्या टॅगच्या मशीनचा बॅकअप घ्यायचा ते सांगणाऱ्या पॉलिसीत ते मोठं होतं. टॅगमध्ये लहान-मोठ्या अक्षराचा फरक पडतो हे जगजाहीर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परवापर्यंत ज्या पॉलिसीत मशीन्स सापडत होती, तिच्यात आज एकही सापडत नाही, तर या सॉफ्टवेअरने बोंब मारायला नको? एक मेल? निदान एक पिवळा त्रिकोण? काही नाही. रात्रीमागून रात्र हिरवी टिक. ॲप टीममधल्या एका पोराने स्वतःहून डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळा डेटा एका फाइलीत, काढून ठेवला होता म्हणून निभावलं. लाखोंचं लायसन्स घेतलेल्या प्रॉडक्टने वाचवलं नाही, त्या पोराने वाचवलं.

आणि हे इथवर पोचायला किती हाल! सुरुवात परमिशनपासून. या सॉफ्टवेअरला क्लाउडमध्ये काय काय करू द्यायचं ते आयएएम रोलवर ठरतं. मॅन्युअलमध्ये त्या रोलसाठी परमिशनची यादी, म्हणजे एक जेसन पॉलिसी दिलीय, ती जशीच्या तशी चिकटवली. चालली नाही. एरर काय, तर ‘यू आर नॉट ऑथराइज्ड’ आणि पुढे अगम्य अक्षरांची भली लांब माळ. नेमकी कोणती परमिशन कमी पडली, ते त्या माळेतच कोंडलेलं असतं. ते उलगडायला वेगळी कमांड लागते आणि ती कमांड चालवायला पुन्हा वेगळी परमिशन. बरं, तीही मिळवली. तर या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर ती माळ अर्ध्यातच कापलेली, पुढे तीन टिंबं. कॉपी केली तर तीन टिंबांसकट कॉपी होते. अर्धी माळ उलगडत नाही! म्हणजे क्लाउडने कारण सांगितलं होतं आणि मधल्या या शहाण्याने ते खिडकीत मावत नाही म्हणून कापून टाकलं.

सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं: तात्पुरतं त्या रोलला ॲडमिन ॲक्सेस देऊन पाहा. अरे, तुम्ही बॅकअप विकता ना? २०१४ च्या जूनमध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीचं काय झालं ते तुमच्याकडे कुणी वाचलंय का? हल्लेखोराच्या हाती तिचं एडब्ल्यूएसचं कन्सोल लागलं, त्याने मशीन्स उडवली, डिस्कचे स्नॅपशॉटही उडवले, आणि कंपनी बंद पडली. चालू मशीन आणि त्याचे स्नॅपशॉट एकाच चावीने उघडणाऱ्या घरात ठेवले की हेच होतं. आणि बॅकअप विकणारे म्हणतात, सगळ्या घराची चावी आम्हाला द्या. आमच्या सिक्युरिटीच्या बाईंनी नाही म्हटलं आणि बरोबर म्हटलं. मग एकेक परमिशन चाचपडत आम्हीच यादी पुरी केली. जी यादी विकणाऱ्याने पहिल्या पानावर द्यायला हवी, ती गिऱ्हाईक स्वतःच्या रात्री घालवून बनवतं.

म्हणूनच स्नॅपशॉट दुसऱ्या अकाउंटमध्ये कॉपी करायचे, हा आमचा आग्रह. तिथे पुढचा खड्डा. डिस्क जर अकाउंटच्या डिफॉल्ट केएमएस कीने (क्लाउडच सांभाळतो ती कुलूपकिल्ली) एन्क्रिप्ट केलेली असेल, तर तिचा स्नॅपशॉट दुसऱ्या अकाउंटशी शेअरच करता येत नाही. स्वतः बनवलेली की लागते. हा नियम क्लाउडचा, जुना आणि सगळीकडे छापलेला. पण या सॉफ्टवेअरचा विझार्ड पाच पानं ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ करत तुम्हाला शेवटपर्यंत नेतो आणि एका शब्दाने विचारत नाही की बाबा, तुझी की कुठली आहे? त्याला ते दिसतं. डिस्कची सगळी माहिती तो आधीच वाचून बसलेला असतो.

की बदलली, पुन्हा लावलं. हिरवी टिक. दुसऱ्या अकाउंटमध्ये जाऊन पाहिलं तर कॉपी ‘एरर’ अवस्थेत पडलेली. इथे तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्नॅपशॉट कॉपी करायला सांगितलं की क्लाउड लगेच एक आयडी हातात देतो आणि खरं काम मागाहून चालतं. कीची परमिशन कमी असेल तर ती कॉपी गुपचूप मरते. आयडी मिळाला याचा अर्थ इतकाच की विनंती पोचली. आणि हे सॉफ्टवेअर आयडी मिळताच ‘यशस्वी’ लिहून मोकळं होतं! पुन्हा जाऊन स्टेटस विचारायला चार ओळींचा कोड लागतो. तो लिहायचा कंटाळा केला, आणि रंगीत डॅशबोर्डवर मात्र मेहनतीला कसर नाही.

शेड्यूलचं ऐका. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठीक, आकडेमोड करू. पण ड्रॉपडाउनमध्ये फक्त पूर्ण तास. आपण साडेपाच तास पुढे. मला रात्री २ ला बॅकअप हवा, म्हणजे आदल्या दिवशीचे यूटीसी २०:३०. ते यादीत नाही. २० घेतलं तर इथे रात्रीचा दीड, तेव्हा आमचा बॅच जॉब चालू असतो. २१ घेतलं तर अडीच. एवढा मोठा भारत देश अर्ध्या तासाच्या फरकावर चालतो, पुण्या-बंगळुरूत बसून तुम्ही हेच सॉफ्टवेअर विकता, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही? आणि साप्ताहिक जॉबला ‘रविवार’ निवडला की तो इथे सोमवारी पहाटे धावतो. रविवारी पहाटे हवा तर शनिवार निवडायचा, आणि मग ऑडिटरला समजावत बसायचं की कागदावर शनिवार का दिसतोय.

‘ॲप्लिकेशन कन्सिस्टंट’ ही आणखी एक फसवणूक. साध्या स्नॅपशॉटमध्ये डिस्क त्या क्षणी जशी होती तशी मिळते, भर कामात प्लग खेचल्यासारखी. डेटाबेस नीट हवा तर विंडोजवर व्हीएसएस या तिथल्याच सोयीने, लिनक्सवर फाइल सिस्टिम गोठवून, आधी लिखाण थांबवावं लागतं. आम्ही तो चौकोन टिक केला. पण गोठवणारी स्क्रिप्ट फसली की हे सॉफ्टवेअर चुपचाप साधा स्नॅपशॉट घेतं आणि वर तीच हिरवी टिक. खरं काय झालं ते लॉगमध्ये तीन क्लिक खोल, ‘इन्फो’ म्हणून. माझ्या डेटाबेसची हमी गेली आणि ही म्हणे इन्फो!

कुणी म्हणेल, एवढं काय चिडायचं, महिन्यातून एकदा रिस्टोअर करून पाहायचं. करतोच. पण सगळी मशीन्स रोज कुणी रिस्टोअर करून पाहत नाही, मधल्या दिवसांसाठी त्या रिपोर्टवरच विसंबावं लागतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या जागी काय सापडलं? रोजचा डम्प चुकीच्या व्हर्जनमुळे कधीचाच बंद पडलेला, तो बंद पडतोय हे सांगणारे मेल डीमार्क या मेलचा पाठवणारा तपासणाऱ्या नियमामुळे वाटेतच नाकारले गेलेले, आणि क्लाउडमधल्या डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेसच्या मशीन्ससाठी लावलेलेच नव्हते. एकाने सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी काढलेला स्नॅपशॉट होता, त्यावर ते उभे राहिले, मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. त्यांनी हे सगळं जगासमोर लिहून ठेवलं. त्याला इतकी वर्षं झाली, आणि तरी शून्य मशीनला हिरवा रंग देणारं प्रॉडक्ट आज दुकानात आहे.

बिलाबद्दल थोडक्यात: पॉलिसी डिलीट केली तरी जुने स्नॅपशॉट तसेच राहतात, त्याचे पैसे दर महिन्याला कापले जातात, आणि सॉफ्टवेअरच्या यादीत ते दिसतही नाहीत. अनाथ स्नॅपशॉट शोधायला स्क्रिप्ट आम्हीच लिहिली.

आता त्यांचं रिन्युअलचं कोटेशन आलंय, दर वाढवून. मी उत्तरात तीनच गोष्टी लिहिल्यात. पॉलिसीत मशीन सापडलं नाही तर जॉब लाल दाखवा. कॉपी खरोखर पूर्ण झाल्याशिवाय यशस्वी लिहू नका. एरर कापू नका. त्यावर अकाउंट मॅनेजरचा मेल, की तुमच्या सूचना प्रॉडक्ट टीमकडे फीचर रिक्वेस्ट म्हणून नोंदवल्या आहेत. खोटा रिपोर्ट देणं बंद करा, ही फीचर रिक्वेस्ट? मी कोटेशन सही न करता परत पाठवलंय, आणि सोबत त्या शून्य मशीनवाल्या रिपोर्टचे सगळे स्क्रीनशॉट जोडलेत, तारखांसकट.