रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा विचारा

जुनी पुस्तकं विकून सार्वजनिक वाचनालयासाठी पैसे उभे करणाऱ्या मंडळींबद्दल वाचून खूप बरं वाटलं, कारण आम्ही पण परळला आमच्या छोट्या वाचनालयासाठी गेली तीन वर्षं हेच करतोय. मुंबईत सध्या जिकडे बघावं तिकडे चाळी रिडेव्हलपमेंटला चालल्यात, आजोबांची अख्खी कपाटं रिकामी होतात आणि लोक ती सरळ किलोवर रद्दीत घालतात, बघून जीव तुटतो हो. आम्ही जाऊन टेम्पोत भरून आणतो, कसर लागलेली आधी बाजूला, मग जे वाचनालयाकडे नाही ते तिथेच ठेवायचं आणि डबल कॉपी तेवढ्या विकायच्या. जुने दिवाळी अंक आणि लहान मुलांची पुस्तकं पहिल्या तासात संपतात, गाइडं मात्र कोणी हात लावत नाही, ती प्लीज देऊ नका. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं ते खरं, पण ड वर्गातल्या वाचनालयाचं त्यात काय भागणार, आमचं वीजबिल आणि नवीन पुस्तकं या विक्रीवरच निघतात. द्यायची असतील तर पावसाळ्याआधी द्या, नंतर ओल धरते.