एका अल्बमची वकिली

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो असताना, रात्रीच्या जेवणानंतर बडीशेप चघळत दादा सहज बोलून गेला, ‘‘अरे, चौदातली सहा गाणी चांगली आहेत. उरलेली गाळली असती तर एकच रेकॉर्ड झाली असती आणि आज लोकांच्या तोंडी असती.’’ विषय होता ‘दिल पडोसी है’चा. राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम, गुलजार आणि आशा भोसले या तिघांनी १९८७ साली केलेला हा बिगर-फिल्मी अल्बम. एचएमव्हीने तो दोन एलपी तबकड्यांच्या संचात काढला होता. पंचमच्या चाहत्यांमध्ये त्याच्यावरून वर्षानुवर्षे दोन तट आहेत. एक तट म्हणतो की सिनेमाच्या जोखडातून सुटलेला खरा पंचम इथेच ऐकू येतो. दुसरा म्हणतो की निर्माता आणि प्रसंग या दोन्हींचे बंधन गेल्यावर हात जरा सैल सुटला. मी पहिल्या तटातला. दादाच्या त्या वाक्यावर मी इतका उसळलो की वहिनीला मध्ये पडून ताक आणावे लागले.

टोरांटोला परत येणाऱ्या विमानात मात्र मला एक गोष्ट खटकू लागली. अर्धा तास तावातावाने बोलूनही मी त्या चौदांपैकी एकाही गाण्याबद्दल काही बोललो नव्हतो. मी बोललो होतो ते पंचमवर झालेल्या अन्यायाबद्दल: ऐंशीच्या दशकात डिस्कोची लाट आली, मोठे निर्माते एकेक करून दुसरीकडे वळले, १९८८ साली हृदयविकाराचा झटका आला, ४ जानेवारी १९९४ रोजी ते गेले आणि ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’चे यश पाहायला उरले नाहीत. हे सगळे खरेच आहे. पण यातल्या एकाही वाक्याने चौदापैकी सहाच गाणी चांगली आहेत हे विधान खोडले जात नाही.

माझ्या या वकिलीचा नमुना मी इथेच, कॅनडात, दुसऱ्या एका माणसाच्या तोंडून ऐकलेला आहे. माझा एक सहकारी रॉक गायक नील यंगचा निस्सीम भक्त आहे. नील यंगचा जन्म १९४५ साली याच टोरांटोत झाला, त्यामुळे त्याच्याविषयी इथे थोडा गावकीचा अभिमानही असतो. इथल्या रेडिओवर ठरावीक प्रमाणात कॅनडियन संगीत वाजवण्याचे बंधन १९७१ पासून आहे आणि व्यावसायिक केंद्रांवर लोकप्रिय संगीतात ते प्रमाण आता ३५ टक्के आहे. त्या नियमाचा एक गमतीदार परिणाम माझ्या कानांना जाणवतो: यंगची ‘हार्ट ऑफ गोल्ड’सारखी दोन-तीन गाणी गाडीत बसले की हटकून लागतात, पण त्याच्या ‘ट्रान्स’ या अल्बममधले एकही गाणे मी इतक्या वर्षांत रेडिओवर ऐकलेले नाही.

‘ट्रान्स’ १९८२ च्या अगदी अखेरीस आला. सहकाऱ्याने तो मला त्याच्या तळघरात ऐकवला, आणि ऐकवण्याआधी मुद्दाम काहीही सांगितले नाही. पहिले गाणे नेहमीच्या थाटाचे, गिटारवरचे, खुशालचेंडू. दुसरे सुरू झाले आणि माणूस गायबच झाला. व्होकोडर नावाचे एक उपकरण असते. त्यातून गाळला गेलेला आवाज यंत्रमानवाच्या आवाजासारखा होतो, शब्द विरतात आणि स्वरांची फक्त चौकट उरते. नऊपैकी सहा गाणी अशी आहेत. उरलेली तीन हवाई बेटांवर ध्वनिमुद्रित केलेल्या दुसऱ्याच एका अल्बमसाठी होती, तो अल्बम बारगळला आणि ती इथे आणून बसवली गेली. त्यामुळे अल्बम ऐकताना दोन वेगवेगळ्या घरांतले सामान एकाच खोलीत ठेवल्यासारखे वाटते. लोकांनी तेव्हा कपाळाला हात लावला. पुढच्या वर्षी कंपनीनेच, म्हणजे गेफेन रेकॉर्ड्सने, यंगवर ३३ लाख डॉलरचा दावा लावला. त्याचे नवे काम विकण्याजोगे नाही आणि त्याच्या पूर्वीच्या संगीताशी विसंगत आहे, अशी तक्रार होती. थोडक्यात, नील यंगसारखे न गाण्याबद्दल नील यंगवर खटला. तो पुढे मागे घेतला गेला.

तबकडी संपल्यावर सहकाऱ्याने ठेवणीतला पत्ता काढला. यंगचा मुलगा बेन जन्मतःच सेरेब्रल पाल्सीग्रस्त आहे आणि त्याला बोलता येत नाही. त्या काळात आईवडील दिवसाचे कित्येक तास त्याच्याकडून व्यायाम करून घेण्यात घालवत होते. बोलू पाहणारा, पण ज्याचे बोलणे कोणालाच कळत नाही असा आवाज ही या अल्बममागची कल्पना, आणि ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ हे गाणे त्या मुलाला उद्देशून आहे. हे सगळे यंगने लोकांसमोर मांडले ते फार नंतर. ते ऐकून माझा घसा दाटून आला. सहकारी खुर्चीत मागे रेलला. त्याच्या दृष्टीने खटला निकाली निघाला होता.

त्या रात्री मीही तसेच मानले होते. दादाशी भांडून आल्यावर मात्र मला तो निकाल पुन्हा उघडावासा वाटला. मुलाची कहाणी ऐकून व्होकोडरमागचे कारण समजते आणि यंगबद्दलचा आदर वाढतो, हे निर्विवाद आहे. पण कारण समजले म्हणून ‘कॉम्प्युटर काउबॉय’ हे गाणे चांगले होत नाही. ते मला आजही एका विनोदाची ताणलेली लांबण वाटते. उलट ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ कहाणीशिवायही उभे राहते. त्याची साक्ष यंगनेच दिली आहे: १९९३ च्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात त्याने हे गाणे यंत्राशिवाय, साध्या वाद्यांवर गायले, आणि धातूच्या पत्र्याखाली इतकी वर्षे किती कोवळी चाल दडली होती ते लोकांना कळले. करुणेच्या कुबड्या लागतात त्या दुबळ्या गाण्यांना. सरसकट सगळ्या अल्बमला त्या लावल्या की धडधाकट गाणेही लंगडे दिसू लागते.

‘दिल पडोसी है’चे माझ्या हातून नेमके हेच झाले आहे. तो फारसा ऐकला गेला नाही याचे एक साधे कारण होते. त्याच्यामागे सिनेमा नव्हता, म्हणून पडद्यावरचा प्रसंग नव्हता, म्हणून दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये जागा नव्हती, आणि १९८७ साली ‘चित्रहार’मध्ये नसलेले गाणे घराघरांत पोहोचणे मुश्कील होते. याच तिघांचा ‘इजाजत’ हा सिनेमाही त्याच सुमाराचा. ‘मेरा कुछ सामान’साठी आशाबाई आणि गुलजार दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते गाणे गद्यासारखे असूनही, यमक नसूनही लोकांनी डोक्यावर घेतले, कारण ते एका स्त्रीच्या पत्रासारखे एका कथेत बसलेले होते. अल्बममधल्या गाण्यांना ती कथा मिळाली नाही. हा मुद्दा मी दादापुढे मांडायला हवा होता. तो अन्यायाचा नाही, वाटेचा आहे.

आणि माझ्या वकिलीत आणखी एक भेसळ आहे, ती पुण्यात कोणाला दिसणार नाही अशी मी समजूत करून घेतली होती. १९९८ साली इथे आलो तेव्हा बॅगेत आठ कॅसेट होत्या, त्यांतली ही एक. पहिल्या हिवाळ्यात भाड्याच्या खोलीत, हीटरच्या खडखडाटावर आवाज चढवून मी ती इतकी वाजवली की ‘झूठे तेरे नैन’च्या जागी फीत ताणली गेली आणि आशाबाईंचा आवाज तिथे किंचित घसरू लागला. आजही मूळ ध्वनिमुद्रण ऐकताना त्या जागी मी घसरणीची वाट पाहतो. ज्याच्या कानाला ही खोड लागली आहे त्याने त्या अल्बमबद्दल न्यायाधीशाच्या आविर्भावात बोलू नये. दादाने हे ओळखले होते. निघताना तो म्हणाला, ‘‘तुला तो अल्बम आवडत नाही रे, तुला ती खोली आवडते.’’

तरीही मी सगळे हत्यार खाली ठेवलेले नाही. दादाने ती सहा गाणी विजेच्या बिलामागे लिहून दिली होती. ते बिल इथे आणून मी शांतपणे पाहिले, तेव्हा लक्षात आले की त्याची सहाही गाणी सत्तरच्या दशकातल्या फिल्मी पंचमच्या सर्वांत जवळची आहेत; ‘भीनी भीनी भोर’सारखे, घाई नसलेले गाणे त्यात नाही. म्हणजे दादाचा कानही काही कोरा नाही. मला माझी खोली आवडते, तर त्याला त्याचे कॉलेज. गेफेन कंपनीचीही तक्रार वेगळी काय होती?

मग एका रविवारी चौदाही गाणी क्रमाने, इयरफोन लावून, मध्ये न थांबता ऐकली आणि माझी यादी केली. सात झाली. म्हणजे सगळ्या चौदांसाठी भांडणारा मी दादापेक्षा अवघ्या एका गाण्याने उदार निघालो. चार गाणी दोघांच्या याद्यांत सामाईक आहेत. माझ्या उरलेल्या तिनांत ‘भीनी भीनी भोर’ ठामपणे आहे. ‘रात क्रिसमस की थी’ही आहे, पण ते लिहिताना खिडकीबाहेर बर्फ पडत होता, म्हणून त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. जुलैत पुन्हा ऐकेन.