मोटर खराब, तर मोटर द्या ना!

डोकं फिरलंय. मागच्या आठवड्यात गाडीची ड्रायव्हरकडची, बटणावर चालणारी काच खाली गेली ती गेली, वर यायचं नावच घेईना. नागपूर, मे महिना, पारा ४५ च्या वर, एसी लावून उपयोग नाही कारण काच उघडी. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गाडी लावायची तर राखण करायला माणूस सोबत न्यावा लागतो. संध्याकाळी वादळ आलं आणि सीटवर मातीचा थर बसला.

गाडी २००९ ची. बाबांनी घेतलेली, इंजिन आजही खणखणीत. १५ वर्षं झाल्यावर पासिंग करून, टॅक्स भरून रीतसर चालवतोय. सर्व्हिस सेंटरला नेली तर त्या माणसाने दार उघडून पाहिलंसुद्धा नाही. बटण दोनदा दाबलं आणि म्हणाला, "अख्खी असेंब्ली, म्हणजे मोटरसकट काच उचलणारी मशीन, बदलावी लागेल, ५,८०० रुपये, लेबर वेगळं." मी म्हटलं, भाऊ, मोटरपर्यंत करंट येतो का ते तरी बघा. "तसं करत नाही आम्ही." काहून करत नाही? मीटर लावायला दोन मिनिटं लागतात!

मग घरीच उघडलं. बटण दाबून मोटरच्या कनेक्टरवर मीटर लावला, १२ व्होल्ट येत होते. म्हणजे फ्यूज ठीक, बटण ठीक, दाराच्या रबरी नळीतली वायर ठीक. मोटरला थेट बॅटरी लावली तरी ढिम्म. बाकी सगळी मशीन चांगली. ती मोटर तीन स्क्रूंवर बसते. तीन स्क्रू! आणि हे मला ५,८०० ची असेंब्ली विकत होते.

हे काही माझ्याच नशिबी आलेलं नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणूनच. २०२२ मध्ये केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत. आणि काउंटरवर अजून तेच उत्तर: सुटी मोटर येत नाही.

सुटी मोटर बाहेर मिळाली, १,४५० ला. दुकानदाराला मॉडेल सांगितलं, साल सांगितलं, "राइट साइड, ड्रायव्हरची" असं दोनदा सांगितलं. "हाव भाऊ, तीच आहे." घरी येऊन डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं कव्हर, काढला, उन्हाने वाळलेल्या चार क्लिपा तुटल्या, काच वर ओढून टेपने दाराच्या चौकटीला चिकटवली, जुनी मोटर सोडवली, नवीन लावायला गेलो तर भोकंच जुळेनात. लेफ्टची दिली होती! डावी-उजवी एकमेकींच्या उलट असतात हे ज्याचा धंदाच तो आहे त्याला कळू नये? दुसऱ्या दुकानातून पुन्हा पैसे मोजून आणली.

कुणी हे काम करणार असाल तर एक ऐका. कात्रीसारखी मशीन असेल तर तिला मोठी स्प्रिंग असते. मोटर सुटली की दातेरी पट्टी झटक्यात फिरते, बोट सापडलं तर गेलंच. आधी ती पट्टी पक्की बांधा, मगच स्क्रूला हात लावा. माझ्या मशीनला ही स्प्रिंग आहे, आणि इतक्या वर्षांत हे मला एकाही मेकॅनिकने सांगितलं नव्हतं.

आणि सगळ्यात जास्त राग याचा, की मोटर मेली कशाने तेही कोणी सांगितलं नाही. काच ज्या रबराच्या खाचेतून सरकते ते रबर आपल्या उन्हात वाळून लाकडासारखं झालं होतं, वर आत धूळ भरलेली. काच अडते, मोटर जास्त करंट ओढते, तापते, एक दिवस जळते. वर्षातून दोनदा खाच पुसून सिलिकॉन स्प्रे मारला असता तर ही मोटर अजून चालली असती. इतक्या सर्व्हिसिंगची बिलं आहेत माझ्याकडे, एकातही त्या रबराचा उल्लेख नाही. तोच रबर न बघता नवीन मोटर बसवून देतात, म्हणजे दोन-तीन वर्षांनी गिऱ्हाईक परत हजर!

काच आता चालते. लेफ्टची मोटर मात्र खोक्यासकट घरात पडून आहे. बिल दाखवलं, वापरलेली नाही हे दाखवलं, तरी तो दुकानदार म्हणतो, "इलेक्ट्रिकचा माल वापस नाही होत."