भिंत जवळ आली म्हणून शर्यत रंगत नाही

भाच्याने रात्री उशिरा एक पोस्ट पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं: ‘मामा, तुझं स्पा आणि सुझुका आता म्युझियममध्ये ठेव.’ आठवड्याभरात हीच पोस्ट माझ्याकडे तिसऱ्यांदा येत होती. आधी दोनदा न पाहिल्यासारखं केलं. (स्पा बेल्जियममधला आणि सुझुका जपानमधला, दोन्ही मोकळ्या कडांचे जुने ट्रॅक.) पण या पोराच्या डोक्यात फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचं खूळ मीच भरलंय, तेव्हा निस्तरायलाही मलाच हवं.

पोस्टचं म्हणणं असं. शहरातल्या रस्त्यांवर आखलेले नवे ट्रॅक म्हणजेच खरी शर्यत. भिंती जवळ असतात, म्हणून चुकीला माफी नाही. अपघात झाला की सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार हमखास येते, म्हणून निकाल उलटेपालटे होतात. मोनॅकोचा रस्त्यावरचा ट्रॅक कंटाळवाणा असेल, पण तो जुना. नवे ट्रॅक ओव्हरटेकसाठीच आखलेत. प्रेक्षक अगदी कडेला. आणि अपघाताची भीती नसेल तर बघायचं काय? पुरावा म्हणून लास वेगासच्या २०२३ च्या शर्यतीतल्या शेवटच्या फेरीची क्लिप.

क्लिप खरी आहे, मान्य. लेक्लेअरने शेवटच्या फेरीत पेरेझला मागे टाकून दुसरा नंबर काढला तेव्हा मीही ओरडलो होतो. पण ते घडलं कुठे? जवळजवळ दोन किलोमीटरची सरळ पट्टी, तिच्या टोकाला करकचून ब्रेक मारायला लावणारं वळण, तिथे. लांब सरळ रस्ता आणि शेवटी हळू वळण असलं की पुढच्या गाडीच्या आडोशाने मागच्याला हवेचा अडथळा कमी लागून जास्त वेग मिळतो आणि ब्रेक उशिरा मारायची जागा मिळते. कडेला भिंत असो की गवत, याला फरक पडत नाही. सुझुकाला २००५ मध्ये सतराव्या जागेवरून निघालेल्या रायकोनेनने शेवटच्या फेरीत फिसिकेलाला मागे टाकलं, तेही सरळ पट्टीच्या टोकाला, पहिल्या वळणावर, बाहेरून. भिंत नव्हती. थरार कमी पडला नाही.

उलट भिंत ओव्हरटेक मारते. साधी गोष्ट आहे. मोकळ्या ट्रॅकवर ड्रायव्हर आत घुसायचा प्रयत्न करतो, फसलं तर बाहेर जाऊन परत येतो आणि पुढच्या फेरीला पुन्हा डोकं लावतो. भिंतीच्या ट्रॅकवर फसलं की चाक तुटलं, शर्यत संपली. मग शहाणा माणूस प्रयत्नच करत नाही, मागे बसून राहतो. ‘चुकीला माफी नाही’ याचा अर्थ ‘धाडसाला जागा नाही’ असाही होतो, हे पोस्ट लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेलं नाही.

२०२४ चं मोनॅको बघा. पहिल्याच फेरीत अपघात, रेड फ्लॅग, शर्यत थांबली. त्या थांब्यात टायर बदलून झाले, सक्तीच्या पिट-स्टॉपचं, म्हणजे टायर बदलायच्या थांब्याचं, काम उरकलं. मग ७८ फेऱ्या पूर्ण होईपर्यंत पुढचे टायर जपत रांगत होते आणि मागचे त्यांच्यामागे. ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, पहिले दहा ज्या क्रमाने उभे होते, त्याच क्रमाने शर्यत संपली. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. पुढच्या वर्षी उपाय म्हणून दोन पिट-स्टॉप सक्तीचे केले. पहिले चार पुन्हा जसेच्या तसे, आणि काही टीमनी एका ड्रायव्हरला मुद्दाम हळू चालवून दुसऱ्यासाठी पिटमध्ये जाण्याइतकं अंतर तयार केलं. याला शर्यत म्हणायचं की वाहतूक कोंडी?

यात गाड्यांचाही दोष आहे, सगळा रस्त्याचा नाही. २०१६ पर्यंत गाडी १.८ मीटर रुंद होती, २०१७ पासून दोन मीटर झाली; २०२६ च्या नियमांत ती १.९ वर आणली, तेही उशिराच. त्याच मोनॅकोत फॉर्म्युला ई या विजेवरच्या शर्यतीच्या छोट्या गाड्या २०२३ मध्ये धावल्या तेव्हा कॅसिडी नवव्या जागेवरून जिंकला. भिंती त्याच होत्या.

आता सेफ्टी कार. पोस्टमधला सगळ्यात डोकं फिरवणारा मुद्दा हाच. सेफ्टी कार आली की कमावलेलं अंतर पुसलं जातं, सगळे एका ओळीत येतात, आणि ज्याचा पिट-स्टॉप बाकी असतो तो नशीबवान ठरतो. ही सोडत झाली. सोडत बघायलाही मजा येते, नाही म्हणत नाही, पण मग ती ड्रायव्हिंगची मजा म्हणून विकू नका.

आणि हा तर्क शेवटपर्यंत नेला तर कुठे पोचतो, ते नव्या जमान्यातल्या एका रस्त्यावरच्या ट्रॅकने पहिल्याच वर्षी दाखवलंय. सिंगापूर, २००८, पहिली रात्रीची शर्यत. रेनोचा अलोन्सो पंधराव्या जागेवर होता. त्याला सगळ्यांच्या आधी, फारच लवकर, पिटमध्ये बोलावलं. लोकांना कळेना की हे काय चाललंय. लगेचच त्याच्याच टीमचा नेल्सन पिके ज्युनियर भिंतीवर आदळला. सेफ्टी कार आली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सेफ्टी कार येताच पिट बंद व्हायचा, त्यामुळे पेट्रोल भरायचं आणि टायर बदलायचं बाकी असलेले सगळे अडकले, अलोन्सो पुढे सरकला आणि जिंकला. पोस्टवाल्याच्या व्याख्येने ही आदर्श शर्यत: भिंत, अपघात, उलटापालटा निकाल. वर्षभराने बाहेर आलं की पिकेने गाडी सांगितल्यावरून आदळली होती. सप्टेंबर २००९ मध्ये एफआयए या खेळाच्या जागतिक संघटनेच्या मोटर स्पोर्ट कौन्सिलने रेनोला पुन्हा असं केलं तरच लागू होणारी शिक्षा दिली, टीमप्रमुख ब्रिआटोरे आणि अभियंता सिमंड्सवर बंदी घातली. (ती बंदी पुढे फ्रेंच कोर्टाने उठवली, ती वेगळीच कहाणी.) त्या रात्री पुढे असलेला फेरारीचा फिलिपे मासा पिटच्या गोंधळात इंधनाची नळी लागलेली असतानाच निघाला आणि मागे पडला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याचं एका गुणाने हुकलं.

भिंत अगदी जवळ असली आणि अपघातानंतर गाडी बाजूला करायला जागा नसली, की ही युक्ती चालते. मोकळ्या ट्रॅकवर गाडी खडीत रुतवून इतकं खात्रीचं काम झालं नसतं. सिंगापूरला त्यानंतर २०२३ पर्यंत प्रत्येक शर्यतीत सेफ्टी कार आली. २०२४ मध्ये पहिल्यांदा आली नाही, तेव्हा नॉरिस वीस सेकंदांहून जास्त अंतराने जिंकला, मध्ये भिंतीला घासूनही. सोडतच काढली नाही तर उरतं ते हे.

‘नवे ट्रॅक वेगळे’ म्हणे. व्हॅलेन्सिया नवंच होतं; २०११ मध्ये तिथे चोवीसच्या चोवीस गाड्या शेवटपर्यंत पोचल्या आणि त्या शर्यतीतलं दुसरं काही कुणाला आठवत असेल तर सांगा. सोचीला २०१४ मध्ये रोझबर्गने पहिल्या फेरीनंतर टायर बदलले आणि त्याच टायरवर शर्यत संपवून दुसरा आला. बाकू २०१६ ला एकही सेफ्टी कार नाही, तोच रोझबर्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे. तेच बाकू पुढच्या वर्षी वेडंपिसं झालं आणि रिकार्डो दहाव्या जागेवरून जिंकला. ट्रॅक एकच, शर्यती दोन टोकांच्या. आणि हो, सुझुकाही २०२५ मध्ये कंटाळवाणं झालं, पहिले सहा ग्रिडच्याच क्रमाने आले. हे मी लपवणार नाही, भाचा काढणारच आहे.

अपघाताच्या भीतीबद्दल मात्र राग आवरत नाही. बार्सिलोनाचा माँटजुईक हाही शहरातलाच ट्रॅक. १९७५ मध्ये ड्रायव्हरनी पाहिलं की कडेच्या कठड्यांचे बोल्ट नीट आवळलेले नाहीत. त्यांनी गाड्या काढायला नकार दिला, टीमचे मेकॅनिक पाने घेऊन बोल्ट आवळत फिरले. आदल्या वर्षीचा जगज्जेता फिट्टिपाल्डी तरीही माघार घेऊन निघून गेला. शर्यत झाली. पुढे असलेल्या स्टॉमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी कठडा ओलांडून माणसांत गेली आणि माणसं मेली. दोष पंखाचा, बोल्टचा नाही, हे खरं. पण माणसं कठड्याला चिकटून उभी होती. पोस्टमध्ये ‘प्रेक्षक अगदी कडेला’ म्हणून कौतुक केलंय ते याचंच. फॉर्म्युला वन तिथे परत गेली नाही.

लास वेगासच्या त्याच २०२३ च्या शर्यतीतल्या प्रेक्षकांचं तर विचारूच नका. पहिला सराव आठ-नऊ मिनिटांत बंद, कारण रस्त्यातलं झाकण उखडून साइन्झच्या फेरारीवर खालून आदळलं. दुसरा सराव पहाटे अडीचला, आणि तोवर तिकीट काढून आलेल्यांना बाहेर काढलेलं. साइन्झला बॅटरी बदलावी लागली म्हणून ग्रिडवर दहा जागा मागे जायची शिक्षा, चूक काडीचीही नसताना. याची क्लिप पोस्टमध्ये नाही.

हे सगळं भाच्याला पाठवलं. उत्तर आलं, ‘मामा, एवढं कोण वाचणार? थोडक्यात सांग ना.’

थोडक्यातवाली पोस्ट त्याच्याकडे आहेच.