आर्क्टिकमधलं ऑर्किड काल उगवलेलं नाही

एक फॉरवर्ड गेल्या पंधरा दिवसांत मला चार ग्रुपवरून आला. बर्फातून वर आलेला जांभळ्या ऑर्किडचा घोस, आणि खाली मजकूर: 'ऑर्किड हे उष्ण जंगलात झाडांवर वाढणारं फूल. आर्क्टिकच्या टुंड्रात ते कधीच नव्हतं. पृथ्वी इतकी तापली की आता तिथेही ऑर्किड फुलू लागलं आहे. परागीकरणाला तिथे कीटकसुद्धा नाहीत. निसर्गाचा इशारा ओळखा!'

आधी फोटोचं उरकू. तो फॅलेनॉप्सिस आहे. रिसेप्शनच्या स्टेजवर नि हॉटेलच्या काउंटरवर कुंडीत दिसतो तोच. आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतला हा पाहुणा बर्फात एक रात्रसुद्धा काढणार नाही. खरं टुंड्रातलं ऑर्किड बघायचं तर गुडघे टेकावे लागतात. वीतभर दांडा, त्यावर हिरवट किंवा पांढुरकी, नखाएवढीही नसलेली फुलं. पायाखाली आलं तरी कळणार नाही.

'झाडांवर वाढणारं' हे अर्धसत्य. जगातली साधारण सत्तर टक्के ऑर्किडं झाडांवर वाढतात, उरलेली जमिनीत. आणि ही जमिनीतली आपल्याला अनोळखी असायचं कारण नाही. कासच्या पठारावर पावसाळ्यात टूथब्रश ऑर्किड बघायला गर्दी होते, ते हबेनारिया. पावसाळा संपला की वरचं सगळं वाळून जातं आणि कंद कोरड्या महिन्यांत जमिनीखाली गप्प पडून राहतो. आर्क्टिकमधली ऑर्किडं हेच करतात, फक्त त्यांची दडी उन्हाळ्यापासून नाही, हिवाळ्यापासून. नातंही लांबचं नाही: आइसलंड-ग्रीनलंडमधल्या प्लॅटँथेरा हायपरबोरियाला जुन्या पुस्तकांत हबेनारिया हायपरबोरियाच म्हणत.

बर्फाने ती मरत कशी नाहीत, असं एका काकांनी ग्रुपवर विचारलं. काका, बर्फ हे त्यांचं पांघरूण आहे. जाड थराखालची जमीन वरच्या हवेपेक्षा पुष्कळ कमी गारठते. जीव जातो तो वाऱ्याने बर्फ उडवून नेलेल्या उघड्या माथ्यांवर, आणि तिथे ऑर्किडं नसतातच.

आता 'कधीच नव्हतं'. या हायपरबोरियाला लिनियसने, म्हणजे वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने, नाव दिलं ते १७६७ साली. शब्दाचा अर्थच 'उत्तर वाऱ्याच्याही पलीकडचं'. कोळशाच्या धुराने पृथ्वी तापायला लागण्याच्या किती आधीची ही गोष्ट! जाता जाता सांगतो, त्याच दशकात आइसलंडमध्ये झाडंझुडपं गोळा करत हिंडलेला लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड कोनिग पुढे डॉक्टर म्हणून तमिळ किनाऱ्यावरच्या त्रांकेबारला आला आणि इथल्या वनस्पतींचा अभ्यास करत राहिला.

ही ऑर्किडं टुंड्राभर पसरलेली आहेत असं मात्र कुणी समजू नये. ती जागेच्या बाबतीत भलती चोखंदळ आहेत. ग्रीनलंड एवढा अवाढव्य, पण ऑर्किडच्या जाती तिथे पाच, आणि त्याही मुख्यतः दक्षिण आणि पश्चिम भागात. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार, खुरट्या विलोच्या आणि बर्चच्या झुडपांमधली ओल, झऱ्याकाठची शेवाळी जमीन, या त्यांच्या जागा. पश्चिम किनाऱ्यावरच्या डिस्को बेटावर, जवळपास ६९ अंश उत्तरेला, हिवाळ्यातही न गोठणारे झरे आहेत, आणि हायपरबोरिया तिथपर्यंत पोचलेलं आहे. स्कँडिनेव्हियाच्या डोंगरांतलं कॅमॉर्किस अल्पिना हे ऑर्किड चुनखडीची जमीन धरून राहतं. म्हणजे नुसतं तापमान बघून ऑर्किड कुठे असेल ते ठरत नाही. ओल, माती, बर्फ किती साठतं आणि कधी वितळतं, सगळं जुळावं लागतं.

शिवाय बुरशी हवी. ऑर्किडचं बी धुळीच्या कणासारखं, त्यात शिदोरी काहीच नाही. रुजायला बुरशीनेच भरवावं लागतं. कोरॅलोरायझा ट्रायफिडा हे उत्तर ध्रुवाभोवतीच्या देशांत दूरवर पसरलेलं ऑर्किड तर मोठं झाल्यावरही तिच्याच जिवावर जगतं. त्याला नीट पानं नाहीत, नुसता पिवळट हिरवा दांडा. नावाचा अर्थ 'पोवळ्यासारखी मुळं', पण गंमत अशी की त्याला मुळंच नाहीत. जमिनीखालचा तो पोवळ्यासारखा गुंता हे खोड आहे. ज्या बुरशीकडून ते खातं, ती शेजारच्या झाडाझुडपांच्या मुळांशी जोडलेली असते. थोडक्यात, जेवण शेजाऱ्यांचं आणि वाढपी बुरशी.

'कीटक नाहीत' हे वाचून तर हसूच आलं. ज्याने टुंड्रातला जुलै अनुभवला आहे त्याला डासांबद्दल विचारा. अलास्का आणि कॅनडात वाढणाऱ्या प्लॅटँथेरा ऑब्टुसाटा या ऑर्किडचं परागीकरण डासच करतात. मकरंद प्यायला डास फुलात तोंड घालतो आणि परागांची पिवळी पोटली थेट त्याच्या डोळ्याला चिकटते. ती तशीच मिरवत तो पुढच्या फुलावर जातो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये डासांना खेचणाऱ्या त्याच्या वासाचा छडा लावला: फुलाच्या गंधात नोनानल हे रसायन भरपूर आणि लायलॅक अल्डिहाइड अगदी थोडं, आणि डासांना हेच प्रमाण भावतं. नोनानल माणसाच्या अंगाच्या वासातही असतं. आणि कोरॅलोरायझासारख्यांना डासांचीही गरज नाही; त्यांच्यात स्वपरागणाने काम भागतं.

राहिली तापमानवाढ. ती खरी आहे, आणि आर्क्टिकमध्ये तर फारच. १९७९ पासून तो प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. त्याच्या खुणा पाहिजेत तर टुंड्रात उंच आणि दाट होत चाललेली झुडपं बघा. अडीचशे वर्षं नोंदीत असलेलं फूल 'नवं' म्हणून दाखवलंत, तर उद्या खरी नोंद सांगायला जाणाऱ्यावरही लोक हसतील.

खरंच खूण म्हणून ऑर्किडच हवं असेल, तर स्वालबार्डकडे लक्ष ठेवा. ध्रुवाजवळच्या त्या नॉर्वेजियन बेटांवरच्या मूळ वनस्पतींत ऑर्किड एकही नाही. तिथे एखादं आपणहून उगवलं, तर तो फॉरवर्ड मला जरूर पाठवा. फोटो तेवढा फॅलेनॉप्सिसचा नको.